नव्याने सापडलेले अल्बम : पहिल्यांदा ऐकताना काय झालं?

मंद्रसप्तक
गेले तीन महिने एक गोष्ट नेमाने करतोय, ती इथे सांगावीशी वाटली. आठवड्याला एक अल्बम निवडायचा, आधी कधीच न ऐकलेला आणि शक्यतो ज्या प्रकारच्या संगीताशी आपला कधी संबंधच आला नाही असा, आणि पहिल्या ट्रॅकपासून शेवटच्यापर्यंत एका बैठकीत ऐकायचा. शफल बंद, नोटिफिकेशन बंद. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे ऐकायच्या आधी त्याच्याबद्दल एक ओळही वाचायची नाही. कोणी वाजवलंय, कधीचं आहे, लोक काय म्हणतात, सगळं नंतर.

सुरुवात कीथ जॅरेटच्या 'द क्योल्न कॉन्सर्ट'ने झाली. एकटा माणूस आणि पियानो, एवढंच कव्हरवरून कळलं होतं. पहिला भाग २६ मिनिटांचा आहे. थोड्या वेळाने त्याचा डावा हात दोन कॉर्ड्सवर येऊन बसतो आणि तिथून हलायलाच तयार नाही, फिरून फिरून तेच, आणि उजवा हात त्याच्यावर काहीतरी शोधत राहतो. मी लहानपणापासून शास्त्रीय ऐकत आलोय त्यामुळे मला ते तानपुऱ्यावरच्या आलापीसारखं वाटलं, फक्त तानपुरासुद्धा हाच माणूस एका हाताने सांभाळतोय. मध्येच कोणीतरी कण्हल्याचा आवाज आला. मी हेडफोन काढून खोलीत बघितलं. कोणी नव्हतं, तो जॅरेटच होता, वाजवता वाजवता हुंकार देतो, पाय आपटतो. विसाव्या मिनिटाच्या पुढे कधीतरी माझ्या लक्षात आलं की मी बराच वेळ श्वास धरून बसलोय.

मग वाचलं. २४ जानेवारी १९७५, जर्मनीतल्या क्योल्नचं ऑपेरा हाऊस, रात्री साडेअकराची मैफल, आयोजक मुलगी जेमतेम अठरा वर्षांची. जॅरेटने मागितलेला मोठा पियानो मिळालाच नाही, भलताच एक लहान पियानो स्टेजवर आला, तो बेसूर, वरचे सूर कर्कश, खर्जात दम नाही, पेडल नीट चालत नाहीत. तो वाजवायला तयार नव्हता, शेवटी वाजवला, आणि पियानोची दुबळी टोकं टाळून मधल्या सप्तकातच खेळत राहिला. डाव्या हाताचं ते फिरत राहणं तिथून आलं, खर्ज भरून काढायला.

आता माझा खरा प्रश्न. हे वाचून दुसऱ्यांदा ऐकलं तेव्हा वरचे सूर मला पत्र्यासारखे वाटायला लागले. पहिल्यांदा अजिबात वाटले नव्हते! म्हणजे कहाणीने माझे कान बदलले. चांगलं झालं की वाईट ते ठरवता येत नाहीये. तुम्हाला अलीकडे काय सापडलं, पहिल्यांदा ऐकताना काय झालं, आणि मागची गोष्ट कळल्यावर काय बदललं, सविस्तर लिहा. कुठलाही प्रकार चालेल.

अबोली
मस्त धागा! वाचतेय. माझं उद्या लिहिते.

निशाचर
माझी रात्रपाळी असते, पहाटे साडेतीनला घरी यायला निघतो तेव्हा रस्त्यावर चिटपाखरू नसतं. त्या वेळेला बरियलचा 'अनट्रू' लावला, २००७ चा आहे, लंडनचा इलेक्ट्रॉनिक प्रकार. मित्राने फक्त एवढं सांगितलं होतं की रात्रीच ऐक.

काय सांगू, असं वाटलं की शेजारच्या कुठल्यातरी बंद दारामागे पार्टी चालू आहे आणि आपण बाहेर पावसात उभे आहोत. आवाज सगळे लांबून येतात, पावसाची चरचर आहे की जुन्या रेकॉर्डची तेच कळत नाही, आणि गाणाऱ्याचा आवाज बाईचा की पुरुषाचा तेही कळत नाही कारण त्याने दुसऱ्यांनी गायलेल्या ओळी घेऊन त्यांची पट्टी वरखाली केलीये. एकच अर्धी ओळ पुन्हापुन्हा येते आणि पूर्ण होतच नाही. मला दरवेळी वाटायचं आता पूर्ण होईल.

ठेका पण विचित्र, टिक टिक असा घड्याळासारखा नाही, किंचित लंगडतो. नंतर कळलं की त्याने हे साध्या ऑडिओ एडिटरमध्ये केलंय, ज्यात तालाची चौकट आखून मिळते तसलं काही न वापरता, स्क्रीनवरची लाट डोळ्यांनी बघून एकेक ठोका बसवलाय. हे कळल्यावर मला तरी आनंद झाला. मी आधीच म्हणत होतो की हे माणसाने हाताने केल्यासारखं वाटतंय, मशीनसारखं वाटत नाही. त्यामुळे माझं मत असं की आधी ऐका, मग वाचा, पण वाचा जरूर.

गांधार
मी अठरा वर्षं गाणं शिकतेय, त्यामुळे मेटल, म्हणजे ते दणदणीत रॉक, आपला प्रांत नाही असं मी स्वतःशी केव्हाच ठरवून टाकलं होतं. भाचा सुट्टीत आला होता, म्हणाला मावशी एकच गाणं ऐक, सहा मिनिटं दे. ब्लॅक सॅबथचा पहिला अल्बम, नावही 'ब्लॅक सॅबथ'च आणि पहिलं गाणंही त्याच नावाचं.

सुरुवातीला पाऊस, लांबवर चर्चची घंटा. मग एकदम गिटार. आणि मी सरळ उठून बसले कारण ती गिटार काय वाजवते तर सा, तार सा, आणि मग खाली येऊन तीव्र मध्यम! बस तीनच स्वर. सा धरलाय, वरचा सा दाखवलाय आणि मग तीव्र म वर आणून सोडून दिलंय. आपल्याकडे तीव्र मध्यम लागला की कान पंचमाची वाट बघायला लागतात, यमन घ्या नाहीतर पूरिया धनाश्री घ्या, तो म कुठेतरी निघालेला असतो. इथे तो कुठेच जात नाही. पुन्हा सा, पुन्हा तार सा, पुन्हा तोच म. पंचमावर विसावा नाहीच. पोटात खड्डा पडतो ना तसं झालं मला. भाचा माझ्या तोंडाकडे बघत होता. मी त्याला म्हटलं, अरे ह्याने पंचम अडवून धरलाय, आणि तो म्हणाला मावशी आम्ही ह्याला ट्रायटोन म्हणतो.

अख्खा अल्बम दुसऱ्या दिवशी ऐकला. सगळाच आवडला असं नाही म्हणणार, मधली काही गाणी साध्या ब्लूजसारखी वाटली. पण नंतर कळलं की बहुतेक सगळा अल्बम एका दिवसात रेकॉर्ड केलाय, ऑक्टोबर १९६९ मध्ये, आणि १३ फेब्रुवारी १९७० ला बाहेर आला. आणि त्यांच्या गिटारवाल्या टोनी आयोमीची गोष्ट. पत्र्याच्या कारखान्यात कामाला होता, मशीनमध्ये उजव्या हाताच्या मधल्या दोन बोटांची टोकं गेली, आणि तो डावखुरा वाजवणारा, म्हणजे तारा दाबायचा हात नेमका तोच. प्लॅस्टिकची बाटली वितळवून त्याने बोटांना टोप्या केल्या, वर चामडं लावलं, आणि बोटांना झेपतील म्हणून हलक्या तारा लावल्या. ज्याला स्पर्शच होत नाही त्या बोटांनी तो तीव्र मध्यम हलवतो. हे वाचल्यावर मी हात जोडले.

टेपरेकॉर्डर
गांधारताई, काय सुंदर लिहिलंय. मी चाळीस वर्षं रॉक ऐकतोय आणि त्या तीन सुरांकडे असं कधी बघितलं नव्हतं. आज पुन्हा लावला, आता पंचम शोधत बसलो.

मंद्रसप्तक, तुम्ही जॅरेटच्या हुंकारावरून दचकलात म्हणून सांगतो, पियानोवादक ग्लेन गूल्डने वाजवलेलं बाखचं 'गोल्डबर्ग व्हेरिएशन्स' ऐका. तोही गुणगुणतो, मागे सतत. त्याने ते दोनदा रेकॉर्ड केलं, १९५५ ला तरुणपणी आणि १९८१ ला. पहिलं ३८ मिनिटांत उरकतं, दुसरं ५१ मिनिटं घेतं. रचना तीच, माणूस तोच. मी आधी दुसरं ऐकलं, मग पहिलं, आणि पहिलं ऐकताना असं वाटलं की कोणीतरी जिन्यावरून धावत उतरतंय. वडिलांनी करून दिलेली एक बुटकी खुर्ची तो जन्मभर बरोबर घेऊन फिरला, कान देऊन ऐकलं तर तिची करकरही सापडते. त्याच्या मरणाच्या सुमारासच, १९८२ मध्ये, दुसरं रेकॉर्डिंग बाहेर आलं.

आठशेआठ
मी इलेक्ट्रॉनिकवाला. पण माझा या वर्षातला सगळ्यात मोठा धक्का आपल्याच मातीतला आहे, चरणजित सिंग, 'सिंथेसायझिंग : टेन रागाज टू अ डिस्को बीट', १९८२.

मला एका मित्राने नुसती फाइल पाठवली, नाव काढून. म्हणाला साल ओळख. मी ऐकलं आणि म्हणालो हे अॅसिड हाऊस आहे, म्हणजे नाचायच्या इलेक्ट्रॉनिक संगीताचा एक प्रकार, ८८-८९ चं असेल, कोणीतरी त्याच्यावर भैरव वाजवलाय, आयडिया भारी आहे. तो म्हणाला ८२. मी म्हटलं शक्यच नाही. कारण अॅसिड हाऊसचा जन्म म्हणजे शिकागो, फ्यूचर नावाच्या ग्रुपची 'अॅसिड ट्रॅक्स' ही रेकॉर्ड, आणि ती १९८७ ची. पाच वर्षं आधी कोण कुठला हे करतोय?

तर हे गृहस्थ हिंदी सिनेमाच्या वाद्यवृंदात वाजवणारे, गिटार, बास, कीबोर्ड. त्यांनी रोलँड कंपनीची तीन यंत्रं घेतली, ड्रमसाठी टीआर-८०८, सुरांसाठी ज्युपिटर-८, आणि टीबी-३०३. आता ही ३०३ म्हणजे काय तर एक छोटी चंदेरी पेटी, एकट्या गिटारवाल्याला सराव करताना साथीला बास मिळावा म्हणून कंपनीने काढलेली. त्या कामात ती साफ पडली, खरी बास गिटार वाटेचना, १९८४ पर्यंत बंदच केली. मग सेकंडहँडमध्ये स्वस्तात मिळायला लागली आणि शिकागोच्या पोरांनी तिची बटणं वाजता वाजता पिळून तो चुईंऽऽ चुईंऽऽ आवाज काढला.

चरणजित सिंगांनी त्याच पेटीवर दहा राग बसवले, भैरव, ललित, भूपाळी, तोडी, मधुवंती, मेघ मल्हार, यमन, कलावती, मालकंस, बैरागी. खाली ८०८ ची थाप एकसारखी, ठक ठक ठक ठक, हलत नाही, आणि वर राग. मी शास्त्रीय शिकलेलो नाही, मला रागातलं फार कळत नाही, पण ललित ऐकताना मी अक्षरशः उभा राहिलो.

लोक लिहितात की ह्यांनी अॅसिड हाऊस शोधला. मला ते पटत नाही. ही रेकॉर्ड शिकागोपर्यंत पोचल्याचा काही पुरावा नाही, इथेही ती फारशी कोणी घेतली नाही, २०१० मध्ये पुन्हा निघाली तेव्हा जगाला कळली. दोन ठिकाणी दोन वेगळ्या माणसांच्या हातात एकच यंत्र आलं आणि यंत्राच्या पोटात जे होतं ते दोघांनाही सापडलं. मला ही गोष्ट 'शोध लावला'पेक्षा कितीतरी मोठी वाटते. २०१५ ला ते गेले, त्याआधी परदेशात हा अल्बम स्टेजवर वाजवूनही झाला, एवढं तरी सुख.

गांधार
@आठशेआठ, रात्री ऐकलं. दोन गोष्टी लिहिते. एक, त्या ३०३ ला स्लाइड आहे ना? एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जातो तो. म्हणूनच राग उभा राहतो. नाहीतर कीबोर्डवर राग म्हणजे दगडावरून दगडावर उडी, मधलं पाणी नाहीच. इथे ओबडधोबड का होईना मींड मिळते. तोडीतला गांधार जिथे हवा तिथे पूर्ण बसत नाही, यंत्राचे स्वर ठोक, पण तिथपर्यंत जाण्याची वाट आहे.

दुसरं, मला मेघ मल्हार सगळ्यात आवडला आणि भूपाळी सगळ्यात कमी. भूप इतका मोकळा राग आहे, त्याला ती ठकठक बोचते.

आठशेआठ
हो ताई, स्लाइडच! प्रत्येक सुराला लावायची की नाही ते वेगळं बटण दाबून ठरवावं लागतं. म्हणजे त्यांनी कुठे मींड हवी ते एकेक सूर मोजून भरलं असणार. हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं, आज पुन्हा ऐकतो.

मुक्काम_पोस्ट
मी जरा वेगळं लिहितोय, सगळं आवडलंच पाहिजे असं नाही ना. आरूज आफताब या गायिकेचा 'व्हल्चर प्रिन्स', २०२१. सगळीकडे कौतुक, ग्रॅमीही मिळालं, 'मोहब्बत' या गाण्याला. म्हणून ऐकला. आणि मला तो गझलेवर अन्याय वाटला. हफीज होशियारपुरींची ती गझल मेहदी हसनसाहेबांच्या गळ्यातून ज्याने ऐकलीये त्याला एकेक शब्द कुठे ठेवायचा, कुठे मुरकी घ्यायची, तबला कुठे उठतो, सगळं कानात असतं. इथे तबला नाही, मुरकी नाही, शब्द धुक्यात, मागे हार्प. सुंदर आहे पण पडद्यामागचं सुंदर आहे. मी दोनदा ऐकलं, दोन्ही वेळा अर्ध्यात बंद केलं.

अबोली
मुक्काम, माझा अल्बम नेमका हाच आहे!! मी मेहदी हसन फारसे ऐकलेले नाहीत, हे आधी कबूल करते. म्हणजे माझ्याकडे तुलनेला काही नव्हतंच. मी 'मोहब्बत' पहिल्यांदा ऐकलं तेव्हा उर्दूचे निम्मे शब्द कळले नाहीत पण एवढं कळलं की ही बाई कोणाला काही सांगत नाहीये, एकटीच बसून आठवतेय. तबला असता तर मैफल झाली असती, मैफल म्हटलं की समोर कोणीतरी ऐकणारं आलं. तिच्यासमोर कोणी नाहीये.

नंतर वाचलं की अल्बम होत असतानाच तिचा धाकटा भाऊ गेला आणि अल्बम त्याला वाहिलाय. मला आश्चर्य वाटलं नाही. मला ते आधीच ऐकू आलं होतं, फक्त कोणासाठी ते माहीत नव्हतं. तू एकदा मेहदी हसनना बाजूला ठेवून शेवटपर्यंत ऐकशील का? आग्रह नाही, पण अर्ध्यात बंद करून मत देणं मला बरोबर वाटत नाही.

मुक्काम_पोस्ट
मान्य, अर्धवट ऐकून लिहिलं. ह्या आठवड्यात पूर्ण ऐकतो. मेहदी हसन बाजूला ठेवणं मात्र जमेल असं वाटत नाही, ते आतच आहेत.

पारवा
कहाणी आधी की नंतर, ह्यावर मला मनापासून काही सांगायचंय. निक ड्रेकचा 'पिंक मून', १९७२. एकूण २८ मिनिटं. एक आवाज आणि एक गिटार, बाकी काही नाही.

मी हा अल्बम दोनदा 'पहिल्यांदा' ऐकलाय. पहिल्या खेपेला मला सगळं आधीच माहीत होतं, की हा मुलगा नैराश्यात होता, दोन वर्षांनी २६ व्या वर्षी गेला, हयातीत त्याचे अल्बम कोणी फारसे घेतले नाहीत. त्यामुळे मी प्रत्येक ओळीत मरण शोधत ऐकलं आणि अर्थातच मला ते सापडलं. रडलेही. मग बरीच वर्षं तो लावला नाही, जड वाटायचा.

गेल्या महिन्यात माझी मुलगी, बारा वर्षांची, तिला ह्यातलं काहीही माहीत नाही, तिने कुठूनतरी तो लावला आणि मी दुसरं काम करत होते. पहिलं गाणं चालू झालं. मध्ये एके ठिकाणी पियानोचे थोडेसे सूर पडतात, वरून टपटप थेंब पडावेत तसे, आणि थांबतात. अख्ख्या अल्बममध्ये पियानो तेवढाच, तेवढ्या वेळापुरता. मुलगी म्हणाली, आई परत लाव, ते वरून पडलं ते. तिने ते तीनदा ऐकलं, हसत होती. तेव्हा मला कळलं की हे गाणं मी आजवर ऐकलेलंच नव्हतं. त्याच्या गिटारमध्ये किती जिवंतपणा आहे, अंगठा खाली एक चाल चालतोय आणि बोटं वर दुसरंच बोलतायत, तारा त्याने वेगळ्याच लावून घेतल्यात. हे करायला माणूस किती सावध, किती हजर असावा लागतो. ध्वनिमुद्रकाबरोबर दोन रात्रीत बसून त्याने हे केलं, ऑक्टोबर १९७१. त्या दोन रात्री तरी तो पुरता जागा होता.

म्हणून मंद्रसप्तक, तुमचा नियम मला पटला. आधी कान, मग कहाणी.

निशाचर
पारवा, हे वाचून दोन मिनिटं गप्प बसलो.

लूपमास्तर
मी थोडा विरोध करतो. जे डिलाचा 'डोनट्स' घ्या, हिपहॉप, ७ फेब्रुवारी २००६. ३१ ट्रॅक, बहुतेक मिनिट-दीड मिनिटाचे, शब्द जवळजवळ नाहीतच, जुन्या सोल रेकॉर्ड्सचे तुकडे कापून उलटेपालटे जोडलेले. मी काही न वाचता ऐकला आणि मला काही म्हणजे काहीच कळलं नाही. एखादं सुंदर काहीतरी सुरू होतं आणि संपतं. चिडचिड झाली, बाजूला टाकला.

मग कळलं की अल्बम निघाला तो त्याचा ३२ वा वाढदिवस होता आणि तीन दिवसांनी तो गेला. बराच काळ आजारी होता. पुन्हा लावला. आणि तीच चिडचिड, की आत्ता कुठे सुरू होतंय आणि संपलं, तिचा अर्थच बदलला. पहिल्या ट्रॅकचं नाव 'आउट्रो' आणि शेवटच्याचं 'इंट्रो', आणि शेवटचा तुकडा जिथे तुटतो तिथे पहिला बरोब्बर जोडला जातो, रिपीटवर ठेवला तर शिवण सापडत नाही. हे मला कहाणीशिवाय दिसलंच नसतं. काही अल्बमना चावी लागते.

पारवा
लूपमास्तर, मान्य आहे. पण तुम्ही आधी न वाचता ऐकलात म्हणूनच ती चिडचिड तुमच्याकडे होती ना, जिचा नंतर अर्थ लागला. आधीच वाचलं असतं तर चिडलाच नसतात.

लूपमास्तर
हे खरंय. ह्याला माझ्याकडे उत्तर नाही.

टेपरेकॉर्डर
कहाणीने कान बदलतात ह्याचं अजून एक उदाहरण. जॅझवाल्या माइल्स डेव्हिसचा 'काइंड ऑफ ब्लू', १९५९. माझ्याकडे जुनी रेकॉर्ड होती, पुतण्याने नवीन सीडी आणली, मी म्हटलं ह्यात काहीतरी उतरलंय, पट्टी किंचित खाली आहे. तो म्हणाला काका तुमच्या मनाचे खेळ. खेळ नव्हते! पहिल्या बैठकीच्या दिवशी रेकॉर्डिंगचं मशीन जरा हळू चालत होतं, त्यामुळे पहिल्या बाजूची तिन्ही गाणी रेकॉर्डवर किंचित वेगात आणि चढ्या पट्टीत छापली गेली, नव्वदच्या दशकात ती दुरुस्त केली. म्हणजे तीसेक वर्षं लोकांनी जरा चढी पट्टीच ऐकली. आता मला दुरुस्त केलेली थोडी झोपाळू वाटते. मी माझी जुनीच ऐकतो, चूक तर चूक.

वाळूचं_घड्याळ
माझं छोटं आहे. 'इन द हार्ट ऑफ द मून', अली फारका तुरे (गिटार) आणि तुमानी जाबाते (कोरा), मालीचे दोघं, २००५. कोरा म्हणजे २१ तारांचं वाद्य, भोपळ्यावर चामडं ताणलेलं, दोन अंगठे आणि दोन तर्जन्या एवढ्यांनीच वाजवतात. बामाकोतल्या एका हॉटेलात, नायजर नदीच्या काठी, तालीम न करता दोन दोन तासांच्या तीन बैठकांत झालं. मला ते आजीआजोबा ओसरीवर बोलत बसलेत आणि आपण आत अर्धवट झोपेत ऐकतोय तसं वाटलं. एकजण वाक्य सुरू करतो, दुसरा पूर्ण करत नाही, नुसता हं म्हणतो. गिटार हं म्हणते.

आणि 'बुएना व्हिस्टा सोशल क्लब' सगळ्यांना माहीत असेल, पण हवानात ते रेकॉर्डिंग मुळात क्यूबा आणि माली ह्यांच्या वादकांचं एकत्र व्हायचं होतं, मालीचे लोक पोचलेच नाहीत म्हणून मग तिथल्या म्हाताऱ्या मंडळींना बोलावलं. त्यातल्या पियानोवाल्या रुबेन गोन्झालेझकडे त्या वेळी स्वतःचा पियानोसुद्धा नव्हता. आता ऐकताना मी मोकळी राहिलेली खुर्ची पण ऐकतो.

अबोली
गुरेत्स्की या पोलिश संगीतकाराची तिसरी सिंफनी कोणी ऐकली आहे का? पाश्चात्य शास्त्रीय मी कधी ऐकत नाही, पण १९९२ चं ते रेकॉर्डिंग, डॉन अपशॉ गाते ते, कोणीतरी सुचवलं. सुरुवातीला मला वाटलं स्पीकर बिघडला, काही ऐकूच येईना. अगदी खालून, डबल बासमधून, एक चाल हळूहळू उठते, मग तीच चाल वरच्या वाद्यांत, मग आणखी वर, एकमेकांच्या मागे लागून, थरावर थर. बारा-तेरा मिनिटं हेच. आणि मग सगळं विरून एकटी बाई गायला लागते. पोलिश आहे, एक अक्षर कळत नाही.

दुसऱ्या भागातले शब्द कुठले ते नंतर वाचलं. अठरा वर्षांच्या मुलीने गेस्टापोच्या, म्हणजे नाझींच्या गुप्त पोलिसांच्या, कोठडीत भिंतीवर लिहिलेले, आईला रडू नकोस म्हणून सांगणारे. मंद्रसप्तक, मी हे सांगून तुझा नियम मोडला, माफ कर. पण इथे मला असं झालं की वाचल्यावर सूर बदलले नाहीत. तेच राहिले. शब्द येऊन त्यांच्या जागी बसले फक्त.

मुक्काम_पोस्ट
सांगितल्याप्रमाणे 'व्हल्चर प्रिन्स' पूर्ण ऐकला. 'मोहब्बत' अजूनही माझी नाही, तिथे मला मेहदी हसनच लागतात. पण बाकीचा अल्बम शेवटपर्यंत ऐकल्यावर त्यातली ती हार्प आणि आवाज ह्यांच्यामधली रिकामी जागा कळायला लागली. अबोली, तू 'समोर कोणी नाही' म्हणालीस ना, तेवढं बरोबर आहे.

मंद्रसप्तक
ह्या आठवड्यात मी गांधारताईंचा अल्बम घेतला. नियम मोडूनच, कारण सगळं आधी वाचलं होतं, बोटं, बाटली, तीव्र मध्यम, सगळं. म्हटलं आता काही नवीन ऐकू येणार नाही.

पाऊस, घंटा, गिटार. सा, तार सा, म. मी पंचमाची वाट बघत बसलो, तो येणार नाही हे माहीत असून. गिटार थोडी शांत होते आणि ऑझी ऑस्बर्न गायला लागतो, तेव्हा मला जे ऐकू आलं ते कोणी लिहिलेलंच नव्हतं. तो घाबरलेला आहे. अभिनय असेल, पण आवाज खरोखर आक्रसलेला आहे, प्रश्न विचारताना तर तो लहान मुलासारखा होतो. इतकी वर्षं मी समजत होतो की हे लोक दुसऱ्याला घाबरवण्यासाठी ओरडतात. शेवटी गाणं एकदम धावायला लागतं तेव्हा माझा पाय नकळत जमिनीवर ठेका धरून होता.

गांधारताई, भाच्याला विचारा दुसरा कुठला ऐकायचा. नाव फक्त सांगा, बाकी काही सांगू नका.

गांधार
विचारलं. म्हणाला 'मास्टर ऑफ रिअॅलिटी'. मी त्याला पुढे काही बोलू दिलं नाही, मलाही ऐकायचाय.